तांदळाच्या पिंपातली यादी

"तांदळात हात घालून काय शोधताय?" विनिताने विचारलं.

बायकोच्या आवाजाने कोपरापर्यंत पिंपात गेलेला भूपेश दचकला. "किडे झालेत का बघतोय."

"परवाच गिरणीतून आलेल्या नव्या तांदळात?"

"पिंप नको उपसू रे," ओटीवरून त्याची आई रखमाबाई ओरडली. "अजून दोन डबे भरायचे हायेत."

भूपेश हात झटकत उठला. त्याची यादी गायब होती.

मोबाइलवरच्या कबड्डी मॅनेजरच्या खेळात आज दुपारी आळीपाळीने खेळाडू निवडायचे होते. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तीन आकडे असत: आज कसा आहे, पुढे किती चमकेल आणि दुखापतीचा धोका किती. आठवडाभर डोकं लढवून भूपेशने सात नावं काढली होती. पहिलं यतीनचं. वय एकोणीस, आज जेमतेम, पुढे वाघ, फक्त घोटा जरा कच्चा. पंधरा दिवसांत खेळातली तीन वर्षं उलटत, तोवर पोरगा तयार झाला असता. मोबाइलवर कोणी बघेल म्हणून यादी कागदावर लिहिली आणि कपाटाचा भरवसा नाही म्हणून कागद तांदळात खुपसला.

तिघांच्या या लीगमध्ये जो तळाला जाईल, त्याने नव्या तांदळाच्या जेवणाला दहा किलो कोलंबी सोलायची, तीही सगळ्या नातेवाइकांसमोर. गेल्या वर्षी भूपेशने सोलली होती. तो व्हिडिओ ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कोणीतरी टाकतंच.

आता पिंपाला रोज हात कोण लावतं? विनिता. लीगमधला प्रतिस्पर्धी धनेश कुणाचा भाऊ? विनिताचा. भूपेशला आणखी पुरावा नको होता.

दुपारी पेणकरपाड्याहून धनेश आला. लीगमधला तिसरा भिडू ऐन वेळी ड्युटीवर गेला, म्हणून विनिताला बसवलं. पहिली पाळी धनेशची. त्याचं बोट यतीनवर थांबलं. त्याने भूपेशकडे निरखून पाहिलं आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेला बत्तीस वर्षांचा गडी उचलला.

"यतीन नको?" भूपेशने विचारलं.

"तुम्ही घ्या ना, भावोजी," धनेश गोड हसला.

ते हसणं भूपेशला झोंबलं. समोरचा घास सोडणाऱ्यांतला धनेश नव्हे. त्याला यतीनच्या घोट्याचं आतलं काहीतरी कळलं असणार! भूपेशने अनुभवाच्या नावाखाली चौतीस वर्षांचा गडी घेतला.

"मग हा यतीन मी घेऊ का?" विनिता म्हणाली.

सातही फेऱ्या अशाच झाल्या. यादीतलं नाव आलं की धनेश थांबे, भूपेशकडे बघे आणि पुढे जाई. त्याने सोडलेल्याला हात लावायची भूपेशची छाती होत नसे.

पंधरा दिवस भूपेश विनिताशी तुटक बोलला. तेवढ्या दिवसांत त्याची आणि धनेशची, दोन्ही टीम विनिताकडून हरल्या. दोघांची आपसातली मॅच बरोबरीत सुटली. तळ दोघांनाही मिळाला आणि जेवणाच्या दिवशी दोघंही कोलंबीच्या ढिगासमोर मांडी घालून बसले.

"भावोजी, खरं सांगा," धनेश सोलता सोलता म्हणाला. "तांदळातून यादी पाठवायची आयडिया कुणाची?"

"पाठवायची? चोरलीस ना तू!"

"मावशींनी तांदूळ दिला, त्या डब्यात निघाली. म्हटलं, हा माणूस फुकट यादी देतोय म्हणजे नक्की झोल आहे. एकपण गडी उचलला नाही."

"डबा मीच भरला," रखमाबाई म्हणाली. "नवा तांदूल विहिणीला द्यायचा न्हाय? मना कुठं दिसतंय चिठ्ठीबिठ्ठी!"

रिकामा डबा कसा परत करायचा म्हणून विहिणीने आज त्यात सुके बोंबील भरून पाठवले होते आणि दुसऱ्याचा कागद म्हणून यादीही आठवणीने घातली होती. विनिताने ती बोंबलांतून ओढून वाचली.

"अय्या, ही तर माझीच टीम! सातच्या सात!"

भूपेशच्या हातातली कोलंबी घसरली. बायकोवर उगाच संशय घेतल्याची त्याला मनापासून लाज वाटली. "तुला कसं जमलं गं?"

"मला कुठे काय कळतं? तुम्ही दोघं ज्याच्यापाशी थांबून एकमेकांकडे बघायचात, त्याला मी घ्यायची." बोलता बोलता तिने मोबाइल वर धरला. "जरा इकडे बघा दोघं."

"ग्रुपवर टाकणार नाहीस ना?"

"छे हो," विनिता गोड हसली.

हसणं अगदी धनेशसारखं होतं.