तिसऱ्या नळीची मिरवणूक

मातीने भरलेल्या तीन नळ्यांपैकी पहिली ड्रिलवाल्याच्या हातून निसटली आणि दुसरी पालिकेच्या इंजिनिअरने आपल्या जीपमधून नेली. परिणाम दोन्हींचा सारखाच झाला. खोलातून काढलेली ओली चिकणमाती रुसक्या पाहुण्यासारखी असते. वाटेत जरा हिंदकळली की अंगातलं बळ सोडून बसते. मग यंत्रात दाबली की आकडा खोटा येतो, आणि खोटा आकडा कागदावर खऱ्याइतकाच ठाम दिसतो.

जीपमधल्या मातीच्या ताकदीचा आकडा एकोणतीस आला. आता माती तपासायची प्रयोगशाळा चालवणाऱ्या मुलीच्या वडिलांनी त्याच जागेचा आकडा बावन्न दिला होता. बावन्नवर वाचनालयाची दोन मजली इमारत उभी राहणार होती. एकोणतीसवर सायकल स्टँडसुद्धा जपूनच बांधावा लागला असता. वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. ती प्रयोगशाळा त्यांचीच. इंजिनिअर तिला फोनवर म्हणाला, "वय झालं होतं हो त्यांचं. चुकतो माणूस. अहवालावर तसा शेरा मारून टाकतो."

ती वाद घालत बसली नाही. "तिसरी नळी मी आणते. तुम्ही प्रयोगशाळेत यंत्रापाशीच थांबा," एवढंच बोलली. साडेतीनला समितीची बैठक होती आणि ड्रिलचं यंत्र पुढच्या कामावर निघून गेलं होतं. चौथी नळी मिळणार नव्हती.

प्रयोगशाळेच्या गाडीने नेमका आजच असहकार पुकारला, म्हणून टॅक्सी बोलवावी लागली. नळीची दोन्ही तोंडं मेणाने बंद केलेली, ऊन लागू नये म्हणून वरून जुन्या पांढऱ्या चादरीचं ओलं फडकं. ती नळी मांडीवर उभी धरून मुलगी मागच्या सीटवर बसली. शेजारी आत्या. भाचीच्या पोटात सकाळपासून काही गेलंय का, हे बघायला आत्या थेट खोदकामावर आली होती आणि काही गेलेलं नाही हे कळल्यावर तिथून हलली नव्हती.

"प्रयोगशाळेत जायचंय," मुलगी म्हणाली. "पण अगदी हळू, दादा. एक धक्का लागला तर सगळं संपलं."

"एवढं काय आहे, ताई?"

उत्तर आत्याने दिलं. "माझा भाऊ गेला तीन महिन्यांपूर्वी. त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं. त्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं त्याने."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. टॅक्सीवाल्याने आरशात पाहिलं. पांढरं फडकं, त्यावर घट्ट आवळलेली दहा बोटं, आणि त्यांच्यामागे एक न बोलणारा चेहरा. त्याने रेडिओ बंद केला आणि गाडी इतकी हळू सोडली की शेजारून चालणाऱ्या बायकाही पुढे गेल्या.

पाच मिनिटांत मागे ट्रक आला आणि ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. टॅक्सीवाला गाडी थांबवून उतरला, ट्रकपाशी जाऊन दोन वाक्यं बोलला. हॉर्न थांबला. ट्रकवाल्याने डोक्यावरची टोपी काढली.

"काय सांगितलंत त्याला?" मुलीने विचारलं.

"खरं ते सांगितलं, ताई. वडिलांच्या अस्थी आहेत म्हटलं."

मुलीने तोंड उघडलं. आत्याने तिच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला आणि कानाशी पुटपुटली, "गप्प बस! आत्ता सांगितलंस तर दचकून ब्रेक मारेल तो."

मुलीने तोंड मिटलं.

पुढच्या स्टँडवर टॅक्सीवाल्याने खिडकीतून कुणाला तरी खूण केली. ट्रकच्या मागे एक टॅक्सी लागली, मग चार, मग अकरा. सगळ्यांचा वेग गोगलगाईचा आणि हॉर्न एकाचाही नाही. चौकात वाहतूक पोलिसाने ही रांग पाहिली, टॅक्सीवाल्याशी बोलला आणि चारी बाजूंची वाहनं अडवून खिडकीशी आला.

"मोटरसायकल देतो पुढे, सायरन लावून. सात मिनिटांत पोचाल."

मुलीने मनात हिशोब केला. सायरनमागे धावणारी गाडी म्हणजे एकोणतीससुद्धा नाही, वीस.

"नको हो," आत्या पदराने कोरडे डोळे पुसत म्हणाली. "त्याला घाई कधीच आवडली नाही."

मग पोलीस स्वतःच पुढे चालत निघाला.

शाळेपाशी मात्र गतिरोधक आडवा आला. हा गतिरोधक बांधणाऱ्याचं कुणाशी तरी वैर असावं. गुडघाभर उंच आणि दोन्हीकडून सरळ तुटलेला. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली. मुलीने खाली उतरून चालत जायचं म्हटलं, पण मग उरलेल्या सगळ्या वाटेवर नळीला पावलागणिक हादरा होता.

"बसून राहा, ताई," टॅक्सीवाला म्हणाला.

मागच्या अकरा टॅक्सींमधून पायाखालची रबरी जाजमं बाहेर आली. ट्रकवाल्याने दोन फळ्या दिल्या. पोलिसाने गुडघे टेकून दोन्ही बाजूंना उतार रचला, एका टॅक्सीवाल्याला "इकडून अजून एक घाल, झोपलायस का?" म्हणून झापलं, आणि दोन्ही हातांनी "या, या, या" करत गाडी वर घेतली. चाकं चढली, उतरली. मुलीच्या मांडीवर फडक्याची एक सुरकुतीही हलली नाही.

प्रयोगशाळेत इंजिनिअर घड्याळ बघत उभा होता. "तीन वाजून गेले. एवढा वेळ? चालत आलात की काय?"

"जवळजवळ," मुलगी म्हणाली.

तिने मेण काढलं, माती नळीतून सरकवत बाहेर घेतली, तारेने दोन्ही टोकं सपाट केली आणि मातीचा तो ओलसर दंडगोल यंत्रात उभा ठेवला. मग दांडा फिरवायला लागली. वडील फिरवायचे तसा, एका लयीत. इंजिनिअर तबकडीवर वाकला. वीस. एकोणतीस आला आणि गेला. चाळीस. आत्या इंजिनिअरच्या खांद्यावरून डोकावली. पन्नास. त्रेपन्नावर काटा अडला, दंडगोलाच्या अंगावर एक तिरकी चीर उमटली आणि काटा मागे फिरला.

इंजिनिअरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेवढ्याने त्रेपन्नाचे काही कमी होणार नव्हते.

"बरोबर होते तुमचे वडील," तो शेवटी म्हणाला आणि एकोणतिसावर काट मारून सही केली.

"माझ्या भावाचं वय झालं होतं म्हणे," आत्या म्हणाली. "वय तुमच्या जीपचं झालंय. तिच्यावर मारा शेरा."

इंजिनिअर कागद घेऊन बैठकीला पळाला. दारात टॅक्सीवाला उभा होता. मुलगी त्याच्यासमोर गेली. "दादा, मी तुम्हाला फसवलं. त्या अस्थी नव्हत्या. माती होती."

"ते चौकातच कळलं मला. पोलिसाशी बोलून वळलो तर तुमचं फडकं घसरलेलं. नळीवर लिहिलंय, 'खोली साडेचार मीटर, ही बाजू वर.' अस्थींवर असं कोण लिहितं?"

"मग थांबला का नाहीत?"

"पोलिसाला सांगून बसलो होतो ना! आणि तुम्ही ती धरली होती कशी, ते दिसत होतं की." त्याने मान खाजवली. "पण ताई, खाली सगळे अजून उभे आहेत. त्यांना काय सांगू?"

"मीच सांगते."

खाली अकरा टॅक्सीवाले, ट्रकवाला आणि पोलीस माना खाली घालून उभे होते. ती शेवटच्या पायरीवर थांबली. बाबा गेले तेव्हा आलेल्यांशी तिला चार शब्दही बोलता आले नव्हते. आज आवाज सरळ निघाला. माती होती, तिने सांगितलं. बाबांनी त्या मातीची ताकद मोजली होती. लोक म्हणाले, म्हातारा चुकला. आज पुन्हा मोजली आणि बाबा बरोबर निघाले. तुमच्यामुळे.

पोलिसाने आपल्या धुळीने माखलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"म्हणजे," ट्रकवाल्याने विचारलं, "जिंकले ना ते?"

"जिंकले."

ट्रकवाल्याने टोपी डोक्यावर चढवली, केबिनमध्ये हात घातला आणि हॉर्न दाबला. मग अकराच्या अकरा टॅक्सींनी. तासाभराचे साठलेले हॉर्न एकदम सुटले. पोलीस शिट्टी फुंकत राहिला. अडवायला की साथीला, ते त्यालाच ठाऊक. वर प्रयोगशाळेच्या काचा थडथडत होत्या, टेबलं हादरत होती, यंत्राचा काटा आपोआप नाचत होता.

मुलगी हसत पायरीवर बसली. आता सगळं खुशाल हादरलं तरी चालणार होतं.