खालचं पान की शेंड्याचं?

दगडूनाना कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे न बघता आधी दारातल्या मिरचीकडे बघत. पान उलटं करत आणि ओरडत, "खालचं पिवळं पडलंय का शेंड्याचं? सांगा!" उत्तर चुकलं तर चहा न घेता निघून जात. बरोबर आलं तर चहा घेत, पण ओरडणं चालूच.

भिंगारला लष्करी मेसच्या परसबागेत त्यांनी उभा जन्म घालवला होता. मी कर्जतकडच्या खेड्यातला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, शाळेत नवा मास्तर. मला शेजारची खोली नानांनीच मिळवून दिली होती, म्हणून त्यांच्या शिव्या मी निमूट खात असे. ते मला "ए बी.ए." अशी हाक मारत.

त्यांच्या ओट्यावर तेलाच्या डब्यांत मिरचीची सात रोपं होती. त्यांच्या वर्षापूर्वी वारलेल्या बायकोनं, काकूंनी, घोडेगावच्या माहेराहून आणलेलं ते वाण. घरात राखलेलं बी उंदरांनी खाल्लं होतं. आता या सातांपैकी एका तरी झाडावर मिरची लाल झाली तरच बी मिळणार, नाहीतर वाण संपलं. त्यात बहात्तरचा दुष्काळ. टँकर आला की आमच्या ओळीत हंड्यांवरून मारामारी.

माझ्याही दारात बाजारच्या बियाण्याचं एक रोप होतं. त्याचे शेंडे पिवळे पडले, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या.

"खत कमी पडलं असावं," मी म्हणालो.

"खत? आरं, तसं असतं तर म्हातारी पानं आधी पिवळी पडली असती. ती आपल्या तोंडचं काढून पोरांना देत्यात. हितं पोरच पिवळं हाय! मुळात काय वततोस?"

"भांडी घासलेलं पाणी. वाया कशाला घालवायचं?"

"राखंचं? रोज?" नाना लालबुंद झाले. "राखंनं माती बिघाडली, लोखंड मिळंना तिला! कुठल्या कॉलेजानं पास केलं रं तुला?"

त्यांनी सगळी माती उकिरड्यावर फेकली आणि नवी भरून दिली. काही दिवसांनी हिरवा शेंडा फुटला, तेव्हा म्हणाले, "झाड शानं हाय. तुझं न्हाई कौतुक."

समोरच्या सुलाबाईंवर तर ते रोज खेकसत. "बाई, मिरची तान्हेली न्हाई, बुडतीया! बोटभर खोल माती सुकल्याबिगर थेंब घालायचा न्हाई!"

आणि एक दिवस मी नानांचेच डबे पाहिले. सहा रोपं मेलेली. सातवं खालपासून वरपर्यंत पिवळं, मलूल. डब्यात चिखल.

माझं डोकं फिरलं. लोक हंड्याहंड्यासाठी भांडताहेत, आणि हे? "नाना, साऱ्या गल्लीला शिव्या घालता आणि स्वतः झाडं बुडवता? लाज वाटत नाही?"

पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडलो. नाना उलटून ओरडले नाहीत.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "माझ्या प्यायच्यातलंच घालतो. हिचं पोट फुगलं हुतं शेवटी. डाक्टरनं पानी तोडलं, दिसाला वाटीभर. रातंदिस मागायची. मी वरडायचो तिच्यावर. आता डब्यातली माती वरून सुकल्याली दिसली, की हात ऱ्हात न्हाई."

त्यांनी सातवा डबा उचलला आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "मी आलो तरी घालू दिऊ नगं."

मी माती बदलली, डब्याच्या बुडाला आणखी भोकं पाडली. रोपानं हळूहळू मान वर केली. त्याला एकच मिरची धरली.

नाना रोज संध्याकाळी भरला तांब्या घेऊन येत. मी मातीत बोट घालून पाही आणि त्यांना परत पाठवी.

मिरची लाल व्हायला लागली, त्या संध्याकाळीही ते आले.

"घोटभर?"

"आज नाही, नाना. ओली आहे."

ते डब्याशेजारी बसले. मिरचीकडे बघत राहिले. मग तांब्या दोन्ही हातांनी धरून, एकही थेंब न सांडता, घरी गेले.