जोमाकाकांचं ‘नाविलाजानं’

पंगतीत वाढपी समोर आला की जोमाकाका ताटावर हात आडवा धरतात. ‘नको, नको, पुरे.’ पण बोटं इतकी फाकलेली, की मधून कोलंबीसकट कालवण खाली उतरतं. मग वाढप्याकडे दुःखानं बघत म्हणतात, ‘आता काय, नाविलाजानं खायाला लागंल,’ आणि ताट चाटूनपुसून साफ.

काका आमचे पनवेलचे शेजारी. आधी मिठागरात होते, आता तळोज्याच्या कामगारांना खोल्या भाड्यानं देतात. तेही नाविलाजानं. हळदीला नाचतात नाविलाजानं, आणि मांडवातून सगळ्यांच्या शेवटी निघतात.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुणी न विचारताही सांगते. निकाल लागला तेव्हा पेढे द्यायला गेले, तर काका म्हणाले, ‘गोड मना चालत नाय,’ आणि चार उचलले.

मी म्हटलं, ‘काका, दुसरा उपायच नसला, तर नाइलाज म्हणतात.’

‘तुजी काकी समोर उभी हाय. हाय काय दुसरा उपाय?’

काकी खरंच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

पुढे काकी वारल्या आणि काकांची पंचाईत झाली. सून प्राची कल्याणची, एका शब्दाची. ‘बाबा, वाढू?’ ‘नको.’ की ती टोपावर झाकण ठेवायची. काका अर्धपोटी उठायचे. शेवटी मीच तिला सांगितलं, ‘अगं, ह्यांना तीनदा विचारायचं असतं.’

‘मग पहिल्यांदाच हो म्हणायला काय होतं?’ ती म्हणाली. पण विचारायला लागली.

गेल्या महिन्यात प्राचीचे वडील वारले. माहेराहून परतली ती अर्धी होऊन. जेवण जवळपास सुटलंच होतं. नवरा समजावून थकला, आमच्या आईनं पाठवलेल्या भाकऱ्या तशाच वाळल्या. परवा ती चक्कर येऊन मोरीत पडली.

काल दुपारी मी पुन्हा भाकऱ्या घेऊन गेले. प्राची ताटावर बसलेली, आणि काका वाढत होते. जन्मात कुणाला वाढलेलं नाही. भात ताटाबाहेर सांडलेला, हातात काकींचा डाव.

‘घे गो.’

‘नको, बाबा.’

‘थोडा रस्सा.’

‘नको.’ तिनं ताटावर हात धरला. बोटं घट्ट मिटलेली. ‘खरंच भूक नाही हो.’

‘नसंल,’ काका म्हणाले. ‘तुजी सासू गेल्यापासून मना तरी कुठं हाय? तू ईचारतेस, म्हनून खातो. नाविलाजानं.’

मग ते नुसते वाकून उभे राहिले. डावातला रस्सा त्यांच्याच पायावर ठिबकत होता.

प्राचीनं हात काढला नाही. पण बोटं जराशी फाकली.