हिरड्यांनी फोडलं बिंग

दातांनी अक्रोड फोडावा तर आपणच, असं मिलाडिन व्हाल्येवो गावभर छाती ठोकून सांगायचा. परवा फोडायला गेला आणि अक्रोड राहिला शाबूत, दातच हलला! हिरड्यांतून रक्त तर कधीपासूनच येत होतं. पण सांगणार कुणाला?

दातांच्या नव्या डॉक्टरीणबाई, यास्ना, तोंडात छोटा आरसा घालून बघत म्हणाल्या, "काका, जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. तुमचे मात्र वाईट जातीचे दिसतात, आणि हिरडीखाली खोल ठाण मांडून बसलेत. म्हणून आजार इतका बळावलाय. घरी कोण असतं?"

"बायको आहे ना!" मिलाडिन बोलून गेला. "आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजतेय."

हे वाक्य कितीतरी वर्षांत तोंडातून निघालं नव्हतं. म्हणताना फार बरं वाटलं.

"मग काकूंनाही आणा. घरातल्या माणसांचे जंतू एकमेकांकडे जातात. इथून हाकलायचे आणि तिकडून परत यायचे, काय उपयोग?"

झाली का पंचाईत! बायको लेकीच्या बाळंतपणाला व्हिएन्नाला गेली होती, दोन महिन्यांसाठी. ती तिथलीच झाली. मिलाडिनने शेजारच्या स्तामेन्काचं दार ठोठावलं.

"तुझी बायको होऊ? मी?" स्तामेन्का हसून हसून ओट्याला टेकली. "पोतंभर भाजलेल्या मिरच्या पडल्यात बघ. सोलून दे, मग होते!"

मिलाडिन दिवसभर मिरच्या सोलत बसला. बोटं तांबडीलाल झाली, पण समोर कुणीतरी बडबडत होतं, त्यामुळे पोतं जरा लवकरच संपलं.

दोघांच्या हिरड्यांतले नमुने तपासायला गेले. निकाल हातात घेऊन डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या.

"काका, तुमच्याकडे भरगच्च वस्ती आहे. काकूंकडे त्यातला एकही नाही! लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकेचाळीस!" मिलाडिन म्हणाला.

"तीस!" स्तामेन्का म्हणाली. दोघंही एकदमच!

"एका ताटात जेवता ना?"

"ह्याच्या घरात ताटच एक आहे, बाई!" स्तामेन्काला राहवेना. "मी शेजारीण! ह्याची बायको व्हिएन्नात नातू सांभाळते. नातू आता दाढी करायला लागला, तरी सांभाळतेच आहे!"

बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. मिलाडिन आपल्या बुटांकडे बघत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि धीर द्यायला म्हणून म्हणाल्या, "अहो काका, मग तर उलट बरंच झालं! जंतू परत द्यायला घरात कुणी नाहीच. चार खेपांत हिरड्या साफ करू. पुढच्या वेळी एकटेच या."

"येईन की," मिलाडिन टोपी घालत म्हणाला. "त्याचा चांगला सराव आहे."