मोघ्यांच्या ट्रकची कानटोपी

आमच्या शेजारच्या ट्रकला कानटोपी आहे. थट्टा नाही करत. आमच्या या परदेशातल्या गावात, नेपरव्हिलमध्ये, नोव्हेंबर लागला की मोघेकाका आपला इलेक्ट्रिक पिकअप ट्रक चार्जिंगला लावतात आणि प्लग जिथे घुसतो तिथे मरून रंगाच्या लोकरीची कानटोपी चढवतात, गोंड्यासकट. वर तिचे बंदही बांधतात. "ओल शिरून गोठली ना मंदार, तर प्लग निघतच नाही," ते मला समजावतात. "आपलं काय, आपण घरात जातो. हे बिचारं रात्रभर बाहेर."

बाहेर, कारण ट्रक गॅरेजमध्ये मावत नाही. वीतभर लांब पडतो. हे ट्रक दारात आल्यावर कळलं. सत्तरीला टेकलेले, मूळचे सांगलीचे मोघे बॉयलरच्या कारखान्यात जन्मभर मोजमापं करून रिटायर झाले, आणि स्वतःचं गॅरेज मोजायला विसरले! त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

लपवून काय करायचंय, मी या माणसावर जळतो. सकाळी मी माझ्या तेरा वर्षांच्या जुन्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असतो. बोटं बधिर, नाक गळतंय, आणि पलीकडे मोघे स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे. एका हातात चहा, दुसऱ्यात फोन. फोनवर बोट टेकवलं की त्यांच्या ट्रकची काच आपली आपण वितळायला लागते. मग ते माझ्याकडे बघून कप उंच करतात. मला त्या कपाचासुद्धा राग येतो.

बरं, एवढी चैन करून माणूस कुठे जातो? भाजी आणायला. तेही हीटर बंद ठेवून. दारात गरम केलेलं चालतं, कारण ती भिंतीतली वीज. रस्त्यावर लावलेला हीटर बॅटरी खातो, म्हणून रस्त्यावर हीटर वर्ज्य. मोघे दोन स्वेटर, त्यावर शाल आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन ड्राइव्ह करतात. भेटल्यावर नमस्कार-चमत्कार काही नाही. "ब्याऐंशी!" म्हणतात. म्हणजे ब्याऐंशी टक्के चार्ज. "पण थंडीचे तीस टक्के वजा धर."

हे वजा धरणं आता सगळ्यांनाच लागू झालंय. संक्रांतीच्या कार्यक्रमाला इथल्या मराठी मंडळाने जेवणाच्या शंभर पानांची ऑर्डर द्यायची ठरवली, तर मोघे म्हणाले, "थंडी आहे, सत्तर धर." सत्तरच लोक आले. माझ्या बायकोने, केतकीने, माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, हा अंदाज तुला का आला नाही. मी पंधरा मिनिटांत तयार होतो म्हटलं की ती हल्ली उलट सांगते, "थंडी आहे, वीस धर."

इथवर मी सोसलं. पण मग इरा.

इरा माझी सोळा वर्षांची मुलगी. घरात मी मराठीत चार वाक्यं बोललो की तिच्याकडून एक 'ओके' येतं. तिचा लर्नर परवाना निघाला तेव्हा मी तिला चालवायला शिकवायचं ठरलं होतं. तीन दिवस शिकवलं. चौथ्या दिवशी ती गाडी रस्त्याच्या कडेला लावून उतरली. "यू येल, बाबा," एवढंच म्हणाली आणि थंडीत चालत घरी गेली. आता समोर स्कूलबस असताना ब्रेक म्हणून ओरडायचं नाही तर काय आरती म्हणायची?

त्यानंतरच्या शनिवारी चार वाजता ती मोघ्यांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या जागी बसलेली दिसली. शेजारी मोघे, पट्टा लावून. मग दर शनिवारी चार वाजता हेच. आणि ती त्यांच्याशी मराठीत बोलायची हो! "आजोबा, मी इथे थांबू की जाऊ?" "आजोबा, आज किती टक्के?" माझ्या सख्ख्या वडिलांना ही व्हिडिओ कॉलवर 'हाय' म्हणून पळते. मी केतकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "काकू जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा निखिल बसलाय सिडनीला. त्यांच्या घरात मराठी बोलायला दुसरं आहे कोण? आपली मुलगी बोलते तर तुला का टोचतंय?"

टोचत होतं, काय करू? इराची ड्रायव्हिंग टेस्ट शुक्रवारी सकाळी नऊला होती आणि मी रजा काढली होती. शिकवलं कोणीही असो, टेस्टला मी नेणार, माझ्या गाडीतून नेणार आणि पास झाल्यावर तिला पहिला मीच भेटणार. आदल्या संध्याकाळी इरा जेवता जेवता म्हणाली, "कॅन वी टेक आजोबाज् ट्रक?" मी तसाच उठलो, कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला म्हणून बाहेर आलो. समोर ती कानटोपी ऐटीत बसलेली. माझं डोकं फिरलं. बंद सोडले, टोपी ओढली आणि जॅकेटच्या खिशात कोंबली. बेचाळीस वर्षांचा माणूस! पण सांगतो, मला फार बरं वाटलं.

रात्री पाऊस पडला आणि पडल्या पडल्या गोठला. सकाळी सव्वाआठला मी किल्ली फिरवली. माझ्या गाडीने एकदा 'टुक' केलं आणि मान टाकली. पलीकडे मोघे लांबलचक वायर जोडून, स्टुलावर बसून प्लगवर हेअर ड्रायर धरून होते. प्लग बर्फात गच्च.

"थांबा काका!" मी ओरडलो. अपराधी माणूस मदतीला जरा जास्तच धावतो. घरातून उकळत्या पाण्याची किटली आणली आणि प्लगवर रिकामी केली. पाणी खाली ओघळेपर्यंत त्याचा नवा बर्फ झाला.

"अरे, तुझ्या नागपूरचा उन्हाळा बरोबर घेऊन आलास का?" मोघे म्हणाले. "आता दुप्पट वेळ लागणार."

इरा घड्याळ बघत उभी, डोळ्यांत पाणी. भिजलेले हात पुसायला मी खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्याबरोबर कानटोपी बाहेर आली आणि तिच्या बुटांपाशी पडली. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. इराने टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मोघे स्टुलावरून उठले आणि टोपी उचलून झटकली. "वाऱ्याने उडाली असणार," ते इराला म्हणाले. "बरं झालं, तुझ्या बाबांनी उचलून ठेवली." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आठ पस्तीसला प्लग सुटला. इरा ट्रकच्या स्टिअरिंगमागे बसली. "आजोबा, तुम्ही येणार ना?"

"मी कुठला येतो? माझ्याकडे प्लंबर यायचाय." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गाडीतून उतरली की ती कोणाकडे तरी बघेल. तिथे तू उभा राहा. आमच्या निखिलच्या वेळी मी कारखान्यात होतो."

इरा पास झाली. उतरली, धावत आली, मला घट्ट मिठी मारली, आणि म्हणाली, "बाबा, आजोबांना फोन लाव!" मराठीत म्हणाली. मी लावला. जळत जळत का होईना, पण लावला. प्लंबर आला का, असंही विचारलं. "कोण प्लंबर?" मोघे म्हणाले.

परवाच्या शनिवारी इरा माझी गाडी घेऊन मैत्रिणीकडे गेली. माझ्या गाडीत आता नवी बॅटरी आहे. मी तिला निरोप देऊन वळलो, तर मोघे त्यांच्या ट्रकमध्ये बसलेले. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या जागेवर, पट्टा लावून, शाल नीट घेऊन. ट्रक तसाच चार्जिंगला. चार वाजले होते.

दहा मिनिटं झाली तरी ते उतरले नाहीत. मग मी जाऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"इरा?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीकडे गेली. एकटी."

"हो, हो. लायसन्स मिळालं ना आता." ते हातमोज्यांकडे बघत म्हणाले. "विसरलोच मी."

मी आत बसलो आणि दार ओढून घेतलं. या गावातल्या बर्फात मी सोळा हिवाळे गाडी चालवली आहे, आणि हे त्यांना चांगलं माहीत आहे.

"काका," मी म्हणालो, "मला बर्फात नीट चालवता येत नाही. शिकवाल?"

मोघ्यांनी मांडीवरची शाल सावरली.

"एका दिवसात नाही येत ते," ते म्हणाले. "रोज यावं लागेल."