गोदाकाकूची मशीन

आमची गोदाकाकू कुठलाही धागा आधी गालावर घासून बघते. रेशमाचा असो, गोधडीचा असो, नाहीतर माझ्या नव्या शर्टाचा. गालावर घासणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार, "जीव नाही याच्यात." मिक्सरच्या ठेच्यात जीव नाही, बोअरच्या पाण्यात जीव नाही आणि माझ्या बायकोच्या चहात तर नावालाही नाही.

सुलतानपुरात आमची तुती आहे. बाकीचे लोक रेशमाचे कोष बाजारात विकून मोकळे होतात. आमच्याकडे मात्र काकूच्या हट्टापायी हातचरख्यावर धागा काढायचा. त्याला माणसं लागतात दोन. काकू उकळत्या भगोण्यापाशी बसून कोषांची टोकं धरणार आणि तिची धाकटी जाऊ शांताकाकू चाक फिरवणार. दिवसभर शेडमध्ये "हळू वं", "थांब नं", "तोडला ना धागा!" ऐकून माझं डोकं उठायचं.

गंमत म्हणजे घरी या दोघींचं बोलणं नाही. वाटण्या झाल्या, अंगणात भिंत आली आणि अबोला जो धरला तो धरलाच. विरजण मागायचं तरी मधे मला उभं करतात. "तिले सांग", "तिले इचार". मी काय टपालखातं आहे?

शेवटी कर्ज काढून मी मोटरवर चालणारी मशीन आणली. एकटी बाई सांभाळते. शांताकाकूला म्हटलं, आता आराम कर. गोदाकाकूनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, पहिला धागा गालावर घासला आणि तोंड वाकडं केलं.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. आज पट्टा उतरला, उद्या वायर निघाली, परवा चाकात चिंधी. मेहकरहून मेकॅनिक यायचा, चहा प्यायचा, "मशीन टकाटक हाये भाऊ" म्हणून जायचा. आणि बिघाड नेमका कोष उकळल्यावरच. उकळलेले कोष काही ताटकळत ठेवता येत नाहीत. काकू तयारच असायची. "मी म्हनलं व्हतं ना? जाय, शांतीले बोलाव. मी चरखा मांडतो."

परवा गाडीची किल्ली विसरली म्हणून मी शेडमध्ये परत आलो. बघतो तर काय, काकू स्टुलावर चढून पट्टा ओढून राहिलेली!

"काकू! तूच करते हे? काऊन पण?"

मी बरंच बोललो. नको तेही बोललो. काकू खाली उतरली, पदरानं हात पुसत राहिली.

"चरख्यावर बोलाच लागते रे," ती हळूच म्हणाली. "हळू म्हना लागते, थांब म्हना लागते. मंग त्याच्यातच तिचं गुडघ्याचं समजते, लेकीचं समजते. घरी कोन्या तोंडानं हाक मारू तिले?"

माझा सगळा राग बसला. भगोण्यात कोष उकळतच होते. अर्धवट निघालेला पट्टा मीच ओढून काढला, कोपऱ्यात टाकला आणि अंगणातल्या भिंतीपाशी जाऊन ओरडलो, "शांताकाकू, ये वं! मशीन बिघडली!"

"आलो, आलो!" भिंतीपलीकडून, अगदी लागूनच आवाज आला. ती तिथेच उभी होती.