चिखलातली सरदारी

एका जंगलात हिवाळा फार लांब असे. म्हणून तिथे अस्वल राजा होते. आता तुम्ही विचाराल, हिवाळ्याचा आणि राजाचा संबंध काय? संबंध आहे. अस्वल हिवाळाभर झोपते, आणि झोपलेला राजा सगळ्यांच्या सोयीचा असतो. सगळ्यांच्या म्हणजे सरदारांच्या. बाकीच्यांना तिथे कोणी विचारत नसे.

हे जंगल आपल्याकडचे नव्हे, बरे का. फार लांबचे आणि फार जुने. तिथे बर्फ पडते. तेव्हा उगाच एकमेकांकडे बघून हसू नका.

त्या जंगलात सगळी जमीन राजाची होती. कशी? तर राजाच्या पणजोबांनी ती कोणाकडून तरी हिसकावली होती. राजा ती सरदारांना वाटून देई. सरदार राजापुढे गुडघे टेकायचा, आपले दोन्ही पंजे राजाच्या पंजात ठेवायचा आणि म्हणायचा, "महाराज, मी तुमचा." महाराज घोरायचे. झाले! सरदार उठायचा तो जमिनीचा धनी होऊनच. जमिनीबरोबर तिच्यावरचे गवत, झाडे, ओढे आणि मेंढ्या त्याला मिळत. मेंढ्यांना कोणी विचारत नसे. तुम्ही बसायच्या आधी बाकाला विचारता का?

तर एका टेकडीवर सरदार वृकेंद्र राहत. हे लांडगे होते. समोरच्या टेकडीवर सरदार वराहेंद्र राहत. हे रानडुक्कर होते. मध्ये ओढा. ओढ्याच्या अलीकडे वृकेंद्रांच्या मेंढ्या, पलीकडे वराहेंद्रांच्या शेळ्या.

वृकेंद्र मेंढ्यांचे रक्षण करीत. कोणापासून? लांडग्यांपासून. या विषयात त्यांच्याइतका माहितगार जंगलात दुसरा कोण होता?

रक्षणाच्या बदल्यात मेंढ्या त्यांचे शेत आधी नांगरत आणि आपले मग. त्यांच्या किल्ल्याची भिंत आधी बांधत आणि आपली मग. आणि दळण दळायचे ते सरदारांच्या पाणचक्कीवरच. घरी जाते ठेवायला बंदी होती. चक्कीवर पोते नेले की निम्मे पीठ सरदारांचे व्हायचे. उरलेल्या निम्म्यात उंदीरही जेवायचे.

पूर्वी प्रत्येक मेंढीच्या घरी जाते असायचे. सरदारांच्या कुत्र्यांनी घरोघर जाऊन ती उचलली. त्या दगडांची वृकेंद्रांनी किल्ल्याच्या अंगणात फरशी करून घेतली. रोज सकाळी ते तिच्यावर शतपावली घालीत. पायाला गार लागते, म्हणायचे.

पण एक जाते राहिले होते. भुरी नावाच्या मेंढीचे. तिच्या आईने ते तिला दिले होते. गोठ्यात गवताच्या गंजीखाली भुरीने ते पुरून ठेवले होते. कोकरे भुकेने फारच ओरडू लागली, की ती दार लावून मूठमूठ जव दळायची. हे साऱ्या जंगलात दोघांनाच ठाऊक होते. एक भुरी आणि दुसरा तिचा नवरा ढुशा.

ढुशा मोठा तेजस्वी मेंढा होता. घरात. "एक दिस त्या लांडग्याला अशी ढुशी हाणतो का नाय बघ," तो रोज जेवताना म्हणायचा.

"हाणा की," भुरी म्हणायची. "पर आधी लाकडं आणा."

एकदा वृकेंद्रांच्या मेजवानीत काकभटांनी एक कवन गायले. काकभट हे कावळे होते आणि सरदारांचे भाट होते. उष्टे खाणे आणि स्तुती करणे ही दोन्ही कामे ते एकाच चोचीने करीत. कवनाचा अर्थ असा, की वृकेंद्रांची शेपूट झुपकेदार आहे आणि वराहेंद्रांची म्हणजे नुसता दोरा. हे वराहेंद्रांच्या कानावर गेले आणि युद्ध पेटले.

तिथल्या युद्धाची रीत ऐका. सरदाराने सरदाराला मारायचे नाही. ते फार असभ्य समजले जाई. त्याला नुसते पकडायचे, घरी आणायचे, मध खाऊ घालायचा, सोंगट्या खेळायच्या. त्याच्या प्रजेने घरदार विकून त्याला सोडवून नेईपर्यंत तो पाहुणा. मग शत्रूला धडा शिकवायचा कसा? सोपे आहे. त्याच्या प्रजेची शेते जाळायची.

त्याप्रमाणे वृकेंद्रांनी शेळ्यांची शेते जाळली. वराहेंद्रांनी मेंढ्यांची शेते जाळली. मग दोन्ही किल्ल्यांवर विजयाचे नगारे वाजले. दोघेही जिंकले होते. हिशेब चुकला असे कोणालाच वाटले नाही.

मेंढ्यांकडे एकच शेत उरले. ओढ्याकाठचे भुरीचे जवाचे शेत. लोंब्या भरत आल्या होत्या. हिवाळा तोंडावर होता. कळपातल्या एकूण एक कोकराचा जीव आता त्या शेतात होता.

तेवढ्यात काकभट दवंडी पिटत आले. "उद्या निर्णायक लढाई! भुरीच्या शेतात!"

"तितंच का?" भुरीने विचारले.

"जागा सपाट आहे. आणि दोन्ही टेकड्यांवरून सरदारीणबाईंना बसून नीट दिसते."

"अन् आमचं जव?"

"लढाईनंतर उरले तर जाळण्यात येईल," काकभट म्हणाले. "काळजी नसावी."

भुरी घरी आली. तिने कुदळ काढली. शेताच्या वरच्या अंगाला सरदारांच्या पाणचक्कीचा पाट होता. संध्याकाळी तिने तो पाट फोडला आणि सगळे पाणी शेतात सोडले.

"अगं भुरे, सरदार काय म्हणतील?" ढुशा बांधावरून म्हणाला. तो राखण करत होता. म्हणजे उभा होता.

"म्हणू द्या काय म्हणायचं ते. वलं पीक जळत न्हाय."

सकाळी दोन्ही सरदार लढाईला निघाले. कानापासून शेपटीपर्यंत लोखंडी चिलखत. ते इतके जड, की मेंढ्यांनी उचलून उभे केल्याशिवाय वृकेंद्रांना उभे राहता येत नसे. शिरस्त्राणामुळे प्रजेचे बोलणे त्यांना ऐकू येत नसे. पण ते तसे शिरस्त्राणाशिवायही येत नसे.

"हाणा! मारा!" दोघे आपापल्या बाजूने ओरडत धावले. आणि शेतात शिरताच दोघे पोटापर्यंत चिखलात रुतले.

वराहेंद्र काठाजवळ होते. शेळ्यांनी त्यांना ओढून काढले. त्यांची शेते जाळली जाण्याचे कारण हेच महाशय होते, पण सवय वाईट असते. वराहेंद्र न्याहारीला घरी गेले. वृकेंद्रांचे कुत्रे चिखल बघूनच पळाले होते. वृकेंद्र एकटे राहिले. काकभट त्यांच्या शिरस्त्राणावर बसून ओरडत होते, "बघा, सरदारांनी एक पाऊलसुद्धा मागे घेतलेले नाही!"

हळूहळू सगळा कळप बांधावर जमला. मेंढ्या वर आणि लांडगा खाली, असे त्या जंगलात प्रथमच घडत होते. कोणी हसले नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

भुरी पुढे झाली. "सरदार, तुमाला काढतो. पर आमची जाती परत द्या. अन् जव कापून हुईपर्यंत इकडं पाय टाकायचा न्हाय."

वृकेंद्र आणखी थोडे खाली गेले. चिखल त्यांच्या हनुवटीखाली आला. "देतो," म्हणायला त्यांनी तोंड उघडले. अगदी उघडले होते, मुलांनो. मला त्यांचे दात दिसत आहेत.

पण ढुशाला राहवेना. एवढा प्रसंग आणि बोलणार बायको? तो छाती काढून पुढे आला आणि गरजला, "लांडग्या, शरण ये!"

वृकेंद्रांनी तोंड मिटले. त्यांचे डोळे चमकले.

"शरण?" ते म्हणाले. "आनंदाने. पण कोणाला? तू कोण?"

"म्या ढुशा."

"सरदार आहेस का?"

"न्हाय."

"मग कसे जमणार? सरदार हा सरदारालाच शरण जातो. तशी रीतच आहे. माझी ना नाही रे, पण रीत!"

रीत हा शब्द ऐकला, की त्या कळपाच्या माना आपोआप खाली जात. आताही गेल्या. "बराबर हाय," एक म्हातारी मेंढी म्हणाली. "रीतीत बसाया पायजे. उद्या कोणी नावं ठेवाया नको."

त्यांची शेते जाळली तेव्हा ते कुठल्या रीतीत बसत होते, हे तिने विचारले नाही. कोणीच विचारले नाही.

"यावर एक उपाय आहे," वृकेंद्र म्हणाले. "सरदाराला दुसरा सरदार करता येतो, तीही रीतच. मी ढुशाला इथेच सरदार करतो. मग लगेच त्याला शरण येतो."

कळप आनंदाने बेंबाटला. "आपला ढुशा! आपल्यातला ढुशा! शेवटी आपल्यातला एक तरी वर जाणार!"

भुरीने नवऱ्याला धरले. "अवं, त्यो रुतलाय. अजून थोडा येळ थांबा. जाती देतो म्हनंल. तुमाला शिंगं हायेत, सरदारी कशाला पायजे?"

"तुला राजकारण कळत न्हाय," ढुशा म्हणाला.

"गुडघे टेक," वृकेंद्र म्हणाले.

ढुशा चिखलात उतरला. रुतलेल्या लांडग्यापुढे त्याने गुडघे टेकले. आता तलवार हवी, कारण सरदार करताना खांद्याला पाते लावायची रीत होती. वृकेंद्रांची तलवार चिखलात पडली होती. ती ढुशाने स्वतः चाचपून शोधली, पुसली, आणि मुठीकडून वृकेंद्रांच्या पंजात दिली.

मुलांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी थांबतो.

वृकेंद्रांनी तलवारीचे पाते ढुशाच्या खांद्याला लावले. "ऊठ, सरदार मेषेंद्र! मी तुम्हाला शरण आहे." शब्दाचे ते अगदी पक्के होते. काकभट शिरस्त्राणावरून उडाले आणि ढुशाच्या डाव्या शिंगावर बसले. त्यांनी नवे कवन सुरूही केले होते. जुनेच होते, फक्त नाव बदलले होते.

"आता जात्यांचं बोला," भुरी म्हणाली.

"त्याचे असे आहे, वहिनी," वृकेंद्र अदबीने म्हणाले, "मी आता सरदारांचा कैदी. म्हणजे पाहुणा. पाहुण्याच्या अंगणातली फरशी उखडणे बरे दिसेल का? सरदार मेषेंद्रांनीच सांगावे."

सरदार मेषेंद्रांनी विचार केला. सरदार म्हणून हा त्यांचा पहिलाच विचार होता. "बरे दिसणार नाही," ते म्हणाले. त्यांची भाषा एवढ्यात शुद्ध झाली होती.

मग पाहुण्याला बाहेर काढायचा हुकूम झाला. सगळा कळप शेतात उतरला. ओढा, रेटा, लोटा! वृकेंद्र निघाले. पण जवाची एक काडी उभी राहिली नाही. भुरीने सरदारांच्या आगीपासून वाचवलेले शेत तिच्याच कळपाने जयजयकार करत तुडवले. त्या रात्री पाहुण्याला मेजवानी झाली, आणि चिखलातून वेचलेले चांगले जव तिकडेच गेले.

पाहुणा ठेवायचा म्हणजे किल्ला हवा. वृकेंद्र अनुभवी होते. "पहिला किल्ला जरा अवघड जातो," त्यांनी धीर दिला. "नंतर मेंढ्यांना सवय होते." मेंढ्यांनी ओढ्याजवळच्या टेकाडावर दगड वाहिले. तक्रार कोणी केली नाही. आपल्याच माणसाचे काम! वृकेंद्रांसाठी त्या कण्हत दगड वाहायच्या, आता गात वाहू लागल्या. पोटात मात्र दोन्ही वेळा सारखेच काही नव्हते.

किल्ला उभा राहिला. वृकेंद्रांनी तो फिरून पाहिला. "छान आहे," ते म्हणाले. "पण उंबऱ्याला एखादा जुना, गोल, गुळगुळीत दगड असता तर शोभा आली असती. तसा दगड आता कुठे मिळायचा म्हणा."

सरदार मेषेंद्रांनी रिकाम्या उंबऱ्यावरून पाय फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी भुरीच्या दारात दोन मेंढे भाले घेऊन उभे राहिले. मागे सरदार मेषेंद्र. शिंगावर काकभट.

भुरी आत दळत होती. चिखलात उरलेल्या चार लोंब्या तिने निवडून, वाळवून आणल्या होत्या. कोकरे तिच्याभोवती बसली होती. नवऱ्याला बघून तिचा चेहरा उजळला. "आलात? बसा वाईच. पीठ हुतंय. भाकरी टाकते."

काकभटांनी घसा खाकरला. "बाई, या घरात जाते असल्याची सरदारांना खबर आहे."

भुरीचा हात थांबला. "कोणी दिली?"

काकभट गोंधळले. त्यांनी खाली वाकून सरदारांकडे पाहिले. सरदार गवताच्या गंजीकडे पाहत होते.

"माझ्या आईचं हाय ते," भुरी म्हणाली. "तुमाला ठावं हाय. पोरांनी काय खायाचं?"

"पाणचक्की आहे," सरदार मेषेंद्र म्हणाले. "सगळ्यांना सारखा नियम. तुम्हाला वेगळे वागवले तर लोक म्हणतील, घरच्यांची बाजू घेतो."

भालेवाल्या मेंढ्यांनी जाते उचलले. त्यातले निम्मे भरडलेले जव भुईवर सांडले. कोकरे ते चाटू लागली. भुरी दारात उभी राहिली, आणि जाते टेकाडावर जाईपर्यंत बघत राहिली. मला भुरीचे फार वाईट वाटते. बाकीच्या कळपाचे अजिबात वाटत नाही.

वसंतात वृकेंद्र मानपान घेऊन घरी गेले. मेंढ्यांच्या रक्षणाला आता दोन सरदार आहेत. धोका पूर्वीइतकाच आहे, रक्षण मात्र दुप्पट झाले आहे. आणि मेषेंद्रांच्या किल्ल्याचा उंबरा खरोखरच शोभून दिसतो. पाय ठेवला की गार लागतो.

तात्पर्य : गर्वाचे घर खाली, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. ते विसरा. गर्वाचे घर नेहमी टेकडीवर असते. ज्यांच्या घरचे दगड त्याला लागतात, ते खाली असतात. म्हणून मुलांनो, रीत कधी मोडू नका. रीत मोडली तर एखादे वेळी आपले जाते परत मिळते, आणि मग टेकडीवर दगड न्यायला कोणालाच सवड राहत नाही.